उभं राहून बोलायची जागा

१९२० सालचा जानेवारी. मुंबईतून 'मूकनायक' नावाचं नवं पाक्षिक निघणार होतं. त्याची जाहिरात 'केसरी'त छापावी अशी विनंती गेली. फुकट नव्हे, रीतसर पैसे देऊन. 'केसरी'ने जाहिरात घेतली नाही. ३१ जानेवारीला पहिला अंक निघाला तो त्या जाहिरातीवाचूनच. अंकावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव होतं, कारण सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेल्या आंबेडकरांना स्वतःचं नाव घालणं शक्य नव्हतं.

हा प्रसंग आपण जातीच्या इतिहासात मोजतो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तो आणखी एका प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा आठवतो. लिहिण्याच्या स्वातंत्र्यासाठी त्या काळी ज्या मराठी पत्राने सर्वांत जबर किंमत मोजली, ते 'केसरी'. टिळकांनी लेखांपायी १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा घेतली. तोंड दाबलं जाणं म्हणजे काय, हे त्या कचेरीइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याच कचेरीने दुसऱ्या एका पत्राच्या जन्माची जाहिरातसुद्धा नाकारली, आणि ती नाकारताना एकही कायदा मोडला नाही. छापखाना त्यांचा, कागद त्यांचा, पानावरची जागाही त्यांची. निखळ मुक्त बाजाराचा न्याय लावला तर इथे अन्याय घडलेलाच नाही. एका दुकानदाराने एका गिऱ्हाइकाला माल विकला नाही, एवढीच ती घटना.

माझा प्रश्न इथे सुरू होतो. सरकार बाजूला झालं, सेन्सॉर गेला, राजद्रोहाचं कलम गेलं, आणि समाजातली प्रत्येक गोष्ट खरेदीविक्रीवर व कोणाच्या तरी मालकीवर सोपवली, तर माणसाचं बोलणं मोकळं होईल का?

होईल, असं म्हणणाऱ्यांची बाजू मजबूत आहे. ती कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही. 'केसरी'ने नाही म्हटलं म्हणून 'मूकनायक' थांबलं नाही. त्याआधी १८८७ मध्ये आगरकरांचं सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा ते 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढलं. मुंबई इलाख्यात छापखाना एकच असता आणि तो सरकारचा असता, तर आगरकर कुठे गेले असते? मालक अनेक असणं ही बोलणाऱ्याची मोठी ठेव आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ च्या 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम'मध्ये हाच मुद्दा मांडला. भांडवलशाहीत भांडवलशाहीविरुद्ध प्रचार करायचा असेल तर साऱ्या समाजाची संमती लागत नाही, चार पैसेवाले राजी झाले की पुरतं. मार्क्सला एंगल्सचा पैसा मिळाला, हा त्यांचा दाखला. जिथे नोकरी देणारं, कागद देणारं आणि सभागृह देणारं एकटं सरकारच असतं, तिथे विरोधकाने कोणाकडे जायचं?

आपल्याकडे याची परीक्षाही झाली. मी वाढलो त्या समाजवादी वातावरणात मिनू मसानींचं नाव फारशा आदराने घेतलं जात नसे. स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांतले एक, खासगी उद्योगाचे कडवे पुरस्कर्ते. पण आणीबाणीत त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा हा माणूस मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि १९७६ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. सेन्सॉरचं काम जनतेचा मेंदू धुण्याचं नाही, हे त्या खटल्याचं सार. पुण्याचं 'साधना' त्याच काळात आपल्या परीने झगडत होतं. समाजवादी आणि बाजारवादी त्या एकवीस महिन्यांत एकाच भिंतीवर डोकं आपटत होते, हे मी विसरू शकत नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते सरकारवर भरवसा ठेवून लिहितो आहे, असं कोणी समजू नये.

तरीही फ्रीडमन यांचा मार्क्स-एंगल्सचा दाखला मला पुरत नाही. 'मूकनायक'लाही आधार मिळाला होता, शाहू महाराजांचा. त्यांनी दिलेले अडीच हजार रुपये त्या काळी मोठी रक्कम होती. पण तो पैसा बाजारातून आलेला नव्हता. परताव्याचा हिशोब करून कोणी तो गुंतवला नव्हता. एका राजाने आपल्या राजेपणातून तो दिला होता. बाजाराच्या नियमाने ज्यांच्याकडे खरेदीशक्तीच नव्हती अशा वाचकांसाठी निघालेलं पत्र कोणता व्यापारी काढेल? आणि १९२० च्या जुलैत आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेल्यावर ते पत्र फार काळ टिकलं नाही, १९२३ पर्यंत बंदच पडलं.

म्हणजे मालक अनेक असणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. का भागत नाही, हे पाहण्यासाठी मुक्त बाजाराच्या सर्वांत प्रामाणिक तत्त्वज्ञाकडे जावं लागतं. मरे रॉथबर्ड यांनी १९८२ च्या 'द एथिक्स ऑफ लिबर्टी'त स्पष्टच म्हटलं की अभिव्यक्तिस्वातंत्र्य असा वेगळा हक्क नसतोच, असतो तो फक्त मालमत्तेचा हक्क. तुम्हाला भाषण करायचं असेल तर सभागृह भाड्याने घ्या. घेतलं की आत तुमचं राज्य. दुसऱ्याच्या जागेत उभं राहून बोलण्याचा हक्क कोणालाच नाही. या म्हणण्यात एक स्वच्छपणा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. फ्रीडमन यांच्या चित्रात रस्ते, चौक, टपाल, न्यायालय अशा सार्वजनिक गोष्टी कुठेतरी मागे गृहीत धरलेल्या आहेत. रॉथबर्ड त्या गृहीत धरत नाहीत. निखळ बाजार म्हणजे पायाखालची फरशीसुद्धा कोणाच्या तरी मालकीची.

अशी फरशी खरोखर असते. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबील शहराजवळ चिकासॉ नावाचं गाव होतं. घरं, रस्ते, गटारं, दुकानांची ओळ, सगळं एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं. बाहेरून पाहणाऱ्याला ते इतर गावांसारखंच दिसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्रेस मार्श नावाची एक बाई पोस्टाजवळच्या पदपथावर उभी राहून आपल्या पंथाची पत्रकं वाटत होती. तिला सांगण्यात आलं, ही कंपनीची जागा आहे, परवानगी लागेल आणि ती मिळणार नाही. ती हटली नाही, म्हणून अतिक्रमणाच्या कलमाखाली तिला पकडलं. १९४६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: मालक आपल्या फायद्यासाठी आपली जागा जितकी लोकांना खुली करतो, तितके तिथे येणाऱ्यांचे घटनात्मक हक्क त्याच्या मालकीवर मर्यादा घालतात. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिकागोजवळ रेल्वेडबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी कामगारांसाठी नीटनेटकं नगर वसवलं होतं. बागा होत्या, ग्रंथालय होतं, पण स्वतंत्र वृत्तपत्राला तिथे जागा नव्हती. मजुरी कापली आणि घरभाडी तशीच ठेवली, तेव्हा १८९४ मध्ये तिथून उठलेल्या संपाने अमेरिकेतली बरीचशी रेल्वे थांबली. बोलायला जागा न दिल्याने असंतोष नाहीसा होत नाही, हे तिथे दिसलं.

ग्रेस मार्शचा निकाल मात्र पुढे आकसत गेला. १९७२ मध्ये पोर्टलंडच्या एका मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांना त्याच न्यायालयाने सांगितलं, मॉल म्हणजे गाव नव्हे, बाहेर जा.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर लोअर परळला जाऊन यावं. गिरणगावात कामगारांची बोलण्याची जागा ठरलेली होती: गिरणीचा दरवाजा. पाळी सुटण्याच्या वेळी दरवाजाबाहेर एखादं स्टूल ठेवायचं, त्यावर पुढाऱ्याने चढायचं, आणि गेट मीटिंग सुरू. आत मालकाचं राज्य, पण दरवाजाबाहेरचा रस्ता महापालिकेचा. त्या चार-सहा फुटांच्या फरकावर मुंबईचं अर्धं कामगार राजकारण उभं राहिलं. पत्रकं तिथे वाटली गेली, वर्गण्या तिथे गोळा झाल्या, शाहिरांनी डफ तिथे वाजवला. आज त्यातल्या कित्येक जमिनींवर मॉल आणि टॉवर आहेत. मॉलमध्ये रस्त्यासारखा रस्ता असतो, चौकासारखा चौक असतो, बसायला बाक असतो, गर्दी तर गिरणीच्या पाळीपेक्षा मोठी असते. पण तिथे कोणी एक पत्रक वाटून दाखवावं. गर्दी दरवाजाबाहेरून दरवाजाच्या आत गेली. कोणाचाही आवाज बंद करावा लागला नाही, तो ऐकणारी माणसं ज्या फरशीवर फिरतात ती फरशी बदलली.

काही वर्षांपूर्वी पुण्यात आम्ही तीन-चार जण घरकामगार बायकांच्या मेळाव्याची पत्रकं घेऊन एका मोठ्या टाउनशिपमध्ये गेलो होतो. कामाला येणाऱ्या शेकडो बायका सकाळी त्या एकाच फाटकातून आत जातात. वॉचमनने अदबीने थांबवलं. "साहेब, आतला रस्ता सोसायटीचा आहे, बाहेर वाटा." बाहेर म्हणजे हमरस्ता, जिथे पदपथ नव्हता आणि बायका रिक्षातून उतरून धावत आत जात होत्या, कारण उशीर झाला तर बोलणी खावी लागतात. त्या दिवशी आमच्या हातातली निम्मी पत्रकं परत आली. वॉचमनचा यात काही दोष नव्हता, नियमांतही खोट काढता येत नव्हती. पण शहराचा केवढा भाग आता 'आतला' झाला आहे, हे त्या फाटकाशी उभं राहिल्यावर कळलं. पुण्याजवळच्या मोसे खोऱ्यातल्या लवासात तर २००८ मध्ये नियोजन प्राधिकरणाचे अधिकारच शासनाने कंपनीकडे दिले होते. गाव वसवणारा आणि गावाचे नकाशे मंजूर करणारा एकच, अशी ती व्यवस्था.

रस्त्याची गोष्ट झाली. आता कागदाची.

इथे मला एका मराठी खटल्यापाशी जरा रेंगाळायचं आहे, कारण या प्रश्नातला सारा पेच त्यात आहे आणि आपण तो जवळजवळ विसरलो आहोत. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाला १९५४ मध्ये एक भीती वाटत होती. गडगंज भांडवलाचं वृत्तपत्र जाहिरातींच्या बळावर जास्त पानं कमी किमतीत देईल आणि जिल्ह्याच्या गावातलं लहान पत्र त्या स्पर्धेत मरेल. म्हणून आयोगाने सुचवलं की पानांची संख्या आणि किंमत यांची सांगड घालावी. त्यावरून १९५६ चा कायदा झाला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. हेतू पाहा किती चांगला: अनेक आवाज जगावेत.

या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? पुण्याचं 'सकाळ'. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये सुरू केलेलं हे पत्र तेव्हा सात नव्या पैशांना मिळे आणि सहा दिवसांत मिळून चौतीस पानं देई. आदेशाप्रमाणे तेवढ्या किमतीत चोवीसच पानं देता येणार होती. पानं ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत ठेवायची तर पानं कापा. दोन्हींचा अर्थ एकच, वाचकापर्यंत कमी पोचा. १९६१ मध्ये न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकालपत्र लिहिलं आणि आदेश व कायदा दोन्ही उडाले. एक स्वातंत्र्य वाढवण्यासाठी दुसऱ्या स्वातंत्र्यावर थेट घाव घालता येणार नाही, आणि वृत्तपत्र हा धंदा असला तरी केवळ धंदा म्हणून त्याचं नियमन करताना त्यातलं बोलणं छाटता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

तो निकाल मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला तो पटतो. पानं मोजण्याचा अधिकार आज सरकारच्या हाती दिला तर उद्या ते कोणाची पानं मोजेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पण आयोगाची भीतीही खोटी ठरली नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतली आपली जुनी पत्रं आठवून पाहा. किती बंद पडली, किती मोठ्या साखळीच्या आवृत्तीत विरून गेली, किती केवळ सरकारी जाहिरातींपुरती निघतात. त्यांना कोणी बंदी घातली नाही. 'सकाळ'च्या निकालानंतर अकरा वर्षांनी, १९७२ मध्ये, न्यूजप्रिंटच्या कोट्यावरून पुन्हा असाच खटला झाला. बहुमताने निकाल पुन्हा वृत्तपत्रांच्या बाजूने गेला, पण न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी वेगळं मत नोंदवलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे बोलणाऱ्या मालकापुरतं नाही, निरनिराळी मतं ऐकायला मिळणं हा नागरिकाचाही त्यातला वाटा आहे, असा त्यांचा रोख होता. मला त्या सरकारचं कोटा धोरण मान्य नाही. मॅथ्यू यांचा प्रश्न मात्र अजून उत्तर मागतो आहे.

कारण वृत्तपत्राचं खरं गिऱ्हाईक कोण, हे बाजाराने केव्हाच ठरवून टाकलं आहे. सकाळी दारात पडणाऱ्या अंकाचा कागद, शाई, छपाई आणि वितरण यांचा खर्च आपण देतो त्या पैशांत निघत नाही. तो जाहिरातदार भरतो. म्हणजे वृत्तपत्राच्या बाजारात विकला जातो तो वाचक, आणि विकत घेणारा निराळाच असतो. यात संपादक लाचार असतो असं मी म्हणत नाही. उत्तम संपादक रोज या ओढाताणीतून वाट काढतात, हे मी जवळून पाहिलं आहे. पण ओढ कोणत्या दिशेची आहे हे नाकारता येत नाही. जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे समभाग घेण्याची पद्धत मोठ्या वृत्तसमूहांत आली, तेव्हा ज्या कंपनीबद्दल बातमी द्यायची तिच्यातच पत्राचा वाटा, अशी स्थिती झाली. मग २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एक प्रकार घडला. एकाच नेत्याची भलामण करणारा एकच मजकूर, शब्दन् शब्द तोच, निरनिराळ्या मोठ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पी. साईनाथ यांनी ते पुढे आणलं. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, त्यात 'पॅकेज' कशी विकली जातात ते नावानिशी होतं. कौन्सिलने छोटा, नावं वगळलेला अहवाल प्रसिद्ध केला, आणि मूळ अहवाल उघड करण्यासाठी २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाला आदेश द्यावा लागला.

निखळ बाजाराच्या दृष्टीने इथेही अन्याय सापडणार नाही. जागा विकणाऱ्याने जागा विकली, घेणाऱ्याने घेतली. फसला तो फक्त वाचक, आणि तो तर या सौद्यात पक्षच नव्हता. ज्या उमेदवाराकडे पॅकेजचे पैसे नव्हते, त्याची सभा झाली तरी छापील जगात ती झालीच नाही. एका अपक्ष उमेदवाराला, किंवा एखाद्या आदिवासी तालुक्यातल्या कार्यकर्तीला बोलायला बंदी होती का? नव्हती. ती बोललीही असेल. बोलणं आणि ऐकू जाणं यांच्यामध्ये एक टोलनाका उभा होता, एवढंच.

इंटरनेट आल्यावर पुष्कळांना वाटलं, मलाही वाटलं, की हा टोलनाका उठला. पूर्वी सायक्लोस्टाइल यंत्रावर लघुनियतकालिकं काढणाऱ्या मुंबईतल्या पोरांनी प्रस्थापित मासिकांना हादरवलं होतं. आता तर तेवढंही यंत्र नको. पण २०१० च्या डिसेंबरात विकीलीक्सचं काय झालं ते पाहा. अमेरिकन सरकारची गोपनीय पत्रं उघड केल्यावर काही दिवसांत अॅमेझॉनने त्यांना आपल्या सर्व्हरवरून काढलं, पेपाल, व्हिसा आणि मास्टरकार्डने देणग्यांची वाट बंद केली. कोणत्याही न्यायालयाने तसा हुकूम दिला नव्हता. २०२१ च्या जानेवारीत पार्लर नावाचं समाजमाध्यम तीन कंपन्यांच्या निर्णयाने दोन-तीन दिवसांत बाजारातून नाहीसं झालं. पहिल्या प्रसंगी डावे हळहळले, दुसऱ्या प्रसंगी उजवे. मला दोन्ही वेळा तीच फरशी दिसली. पार्लरवर जे चाललं होतं त्यातलं बरंचसं मला घृणास्पद वाटतं. पण कोणाला बोलू द्यायचं हे तीन कचेऱ्यांत ठरावं, आणि त्या ठरावावर अपील कुठे करायचं हे कोणालाच सांगता येऊ नये, हे मला त्याहून भयंकर वाटतं. आपल्याकडे 'फ्री बेसिक्स'च्या रूपाने निवडक संकेतस्थळं फुकट आणि बाकीची पैसे देऊन, अशी योजना आली होती. २०१६ च्या फेब्रुवारीत दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने भेदभावाचे दर बंद केले म्हणून ती थांबली. बाजारावर सोपवलं असतं तर गरिबाचं इंटरनेट म्हणजे एका कंपनीने आखून दिलेलं अंगण झालं असतं.

या सगळ्यापेक्षा खोल एक गोष्ट आहे, आणि ती जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्येच ओळखली होती. ज्याची रोजीरोटी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे त्याच्यासाठी लोकमताचा दाब कायद्याच्या दंडुक्याइतकाच जबरदस्त असतो. माणसाला तुरुंगात घालणं आणि त्याची भाकरी तोडणं यात मिलला फार अंतर दिसत नव्हतं. आगरकरांनी मिल मन लावून वाचला होता, आणि पुण्यात जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली होती. त्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९४७ मध्ये हॉलिवुडच्या कंपन्यांच्या प्रमुखांनी एकत्र बसून ठरवलं की अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरं न देणाऱ्या दहा जणांना काम द्यायचं नाही. आग सरकारने लावली होती हे खरं, पण पुढची तेरा वर्षं ती धुमसत ठेवली खासगी मालकांनी. त्या दहांतले पटकथाकार डाल्टन ट्रम्बो दुसऱ्यांच्या नावांवर लिहून जगले, आणि १९५७ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं तेही रॉबर्ट रिच या टोपणनावाने. फ्रीडमन यांनी यातही बाजाराचा विजय पाहिला: चांगल्या कथेला गिऱ्हाईक मिळालंच. मला ते वाचून वाईट वाटतं. बाजाराने ट्रम्बोंची भाकरी वाचवली हे मी मानतो, पण आपलं नाव लावून उभं राहण्याची मुभा त्यांना १९६० पर्यंत मिळाली नाही. आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे तरी दुसरं काय असतं? आपण जे म्हणतो ते आपणच म्हटलं, असं चारचौघांत सांगता येणं.

मग उपाय काय, असं मला विचारलं जातं. सरकारने वृत्तपत्रं ताब्यात घ्यावीत? मुळीच नाही. मसानींचा खटला आणि 'सकाळ'चा खटला डोळ्यांपुढे असताना मी तसं कसं म्हणेन? माझं म्हणणं साधं आहे आणि ते सरकारविरोधी व बाजारविरोधी दोन्ही गोटांना अपुरं वाटेल. समाजात अशा काही जागा असल्या पाहिजेत ज्या विकता येत नाहीत, आणि त्या जागांवरून कोणाला हाकलायचं असेल तर कारण जाहीरपणे द्यावं लागतं. शासनाने हाकललं तर निदान न्यायालयात जाता येतं, शासन आणि खासगी मालक यांतला हा फरक आहे. अमेरिकेसारख्या बाजारप्रधान देशातही वृत्तपत्रं फोफावली ती १७९२ च्या टपाल कायद्याने त्यांना जवळपास फुकटात देशभर पोचवलं म्हणून. शंभर मैलांपर्यंत एक सेंट, त्यापुढे दीड. पत्रं काढणारे खासगी, नेणारी वाट सर्वांची. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं, तेव्हा न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती जीवन रेड्डी सरकारच्या मक्तेदारीविरुद्ध बोलत होते, आणि रेड्डी यांनी त्याच दमात खासगी मक्तेदारीचाही इशारा देऊन ठेवला.

मला सर्वांत आवडणारं उदाहरण मात्र लहान आहे. अहमदाबादच्या प्रा. मनुभाई शाह यांनी आयुर्विमा महामंडळाच्या हप्त्यांच्या दरांवर टीका करणारा अभ्यास केला. महामंडळाच्या अधिकाऱ्याने 'द हिंदू'त त्याला उत्तर दिलं, शाहांचं प्रत्युत्तरही 'द हिंदू'ने छापलं. महामंडळाने मात्र आपल्या 'योगक्षेम' या मासिकात फक्त आपल्या अधिकाऱ्याचा लेख छापला. शाहांनी आपलं प्रत्युत्तरही छापा म्हटलं, तर उत्तर आलं, हे आमचं घरचं मासिक आहे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: तुम्ही जनतेच्या पैशावर चालणारी संस्था आहात, छापावं लागेल. हेच महामंडळ खासगी कंपनी असतं तर 'घरचं मासिक' हे उत्तर पुरलं असतं. जे जे आपण विकून टाकतो त्याबरोबर असा एकेक प्रश्न विचारण्याचा हक्कही विकला जातो. निर्गुंतवणुकीच्या चर्चेत याची किंमत कोणी मांडताना मी ऐकलेलं नाही.

आणि वाचकाची वर्गणी. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्या नियतकालिकाचा खर्च त्याचे वाचक उचलतात, त्याला निदान आपल्या मालकाचा चेहरा माहीत असतो. तेही अभेद्य नाही. २०१७ मध्ये एका उद्योगसमूहाची नोटीस आल्यावर मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या विश्वस्तांनी लेख संकेतस्थळावरून काढला आणि संपादकांनी राजीनामा दिला. अब्रूनुकसानीचा दावा लढवायला लागणारा पैसा हीसुद्धा एक विकत घेण्याची वस्तू आहे, आणि ती कोणाकडे जास्त असते ते उघड आहे.

रॉथबर्ड म्हणतात, सभागृह भाड्याने घ्या. १९२७ च्या डिसेंबरात महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी हजारो माणसं येणार होती. परिषदेला मंडप घालायला जागा हवी होती, आणि गावातला एकही सवर्ण मालक जमीन द्यायला तयार नव्हता. व्यापारी शिधा विकायला तयार नव्हते, तो बाहेरून आणावा लागला. प्रत्येकाची जमीन त्याची स्वतःची होती आणि प्रत्येकाचं दुकान त्याचं स्वतःचं होतं. शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरची परिषद भरली ती त्या एका माणसाच्या होकारावर. तिथेच मनुस्मृतीचं दहन झालं. त्याआधी १२ तारखेला गावातल्या काही सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला होता, आणि त्यात त्यांनी धर्माबरोबरच आणखी एक मुद्दा घेतला होता: हे तळं सार्वजनिक नाही, खासगी मालकीचं आहे. त्या दाव्यावर तात्पुरती मनाई मिळाली, म्हणून जमलेली माणसं पाण्याला न शिवता परत गेली. तळं नगरपालिकेचं आहे आणि अस्पृश्यांना तिथून अडवण्याची कोणतीही रूढी सिद्ध झालेली नाही, असं ठरून हा वाद मुंबई उच्च न्यायालयात कायमचा मिटायला १९३७ चा मार्च उजाडला.